दर गणपतीला एक स्पीकर मुका का होतो?

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात सिस्टिम झकास वाजत होती. घर बंद करून मुंबईला गेलो, गणपतीला आलो, सुरू केली तर डावी बाजू मुकी. कधी अगदी मुकी नसते. आवाज दबलेला येतो, मध्येच खरखरतो, आरती मोठ्याने लावली की एकदम पूर्ण येतो आणि पुन्हा जातो. गावातला रिपेअरवाला येतो, मागच्या वायरी काढून परत खोचतो, सिस्टिम वाजायला लागते, तो पैसे घेऊन जातो. पुढच्या वर्षी तेच. असं दोन-तीनदा झालं की घरात कोणीतरी म्हणतंच, "हे डबडं टाका नि नवीन आणा." नवीन येतं, आणि काही पावसाळे काढले की त्याचीही एक बाजू जाते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चाकरमान्याचं घर नेमकं त्याच महिन्यांत बंद असतं. दारं-खिडक्या लावलेल्या, चूल पेटत नाही, पंखा फिरत नाही, जांभ्याच्या भिंतीत ओल, आणि किनाऱ्यालगत हवेत मीठ. अशा घरातल्या सिस्टिममध्ये दोष बहुतेक वेळा अँपमध्येही (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातही) नसतो आणि स्पीकरमध्येही नसतो. तो या दोघांना जोडणाऱ्या तांब्यात असतो, त्यातही जिथे तांबं दुसऱ्या धातूला टेकतं तिथे. वायर काढून पुन्हा खोचली की वरचा गंज थोडा खरवडला जातो, म्हणून चार दिवस वाजतं. याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते पकडा

काहीही उघडायच्या आधी अदलाबदल करून पाहा. अँप बंद करा, प्लग काढा. अँपच्या मागच्या डाव्या स्पीकरच्या वायरी उजवीकडे लावा, उजवीकडच्या डावीकडे. मग सुरू करा. जो खोका मुका होता तोच अजून मुका असेल तर दोष त्याच्या वायरीत किंवा त्या खोक्यात. मुकेपणा दुसऱ्या खोक्याकडे गेला तर दोष अँपमध्ये किंवा अँपच्याही मागे. दुसरी शक्यता निघाली तर स्पीकरच्या वायरी पूर्ववत करा आणि आता अँपच्या इनपुटला लावलेल्या लाल-पांढऱ्या पिना एकमेकींच्या जागी लावा. मुकेपणा हलला तर पिनांची केबल किंवा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, जे काही वाजवताय ते. हलला नाही तर अँप.

पहिली शक्यता निघाली, आणि गावाकडे बहुतेक तीच निघते, तर खोका उचलून दुसऱ्या बाजूच्या वायरीला लावा. तिथे वाजला तर खोका निर्दोष, वायर दोषी. या सगळ्याला मल्टिमीटरसुद्धा (विजेची मापं घ्यायचं छोटं यंत्र) लागत नाही, आणि इतकं करून मग रिपेअरवाल्याला फोन केलात तर तो उगाच अँप घेऊन जाणार नाही.

मल्टिमीटर असेल तर काम आणखी पक्कं होतं. बाजारात मिळणारा साधा डिजिटल मीटर पुरतो. तो २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. ओहम म्हणजे रोधाचं, विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून काय आकडा येतो ते पाहा. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा असतो, नंतर वजा करायचा. आता अँपकडून सोडवलेल्या स्पीकर वायरीच्या दोन टोकांवर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४ च्या आसपास. कमी दिसलं म्हणून घाबरू नका. खोक्यावर छापलेला आकडा वाजतानाचा असतो, मीटर फक्त आतल्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा रोध मोजतो. पण १०, १५ असं काही दिसलं, किंवा वायर हलवली की आकडा नाचायला लागला, तर जोड सडलेला आहे. काहीच दाखवत नसेल तर वायर कुठेतरी तुटली आहे किंवा कॉइल जळली आहे. शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे, अशा स्थितीत अँप अजिबात सुरू करू नका.

नंतर खोक्याच्या टर्मिनलवरच मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायर आणि तिच्यातले जोड. दहा मीटर अंतराच्या दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीला तो पाव ओहमच्या आसपास यायला हवा. दोन ओहम आला तर खोक्याकडे बघायचंही कारण नाही.

मीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि अँपकडून सोडवलेल्या टोकांना क्षणभर टेकवा. स्पीकर "टक" करतो. सेलची अधिक बाजू लाल वायरीला लावली असेल तर वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) बाहेरच्या दिशेने उचलतो. आत गेला तर कुठेतरी वायर उलटी जोडली आहे. दोनांपैकी एकच खोका उलटा असेल तर दोन्ही वाजतात, पण ढोलकीतला दम कुठेतरी जातो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता घरभर विखुरल्यासारखा वाटतो. "खराब स्पीकर" म्हणून काढून टाकलेल्या कितीतरी जोड्यांना एवढंच झालेलं असतं.

वायर

खरी मेख इथे आहे. टर्मिनलमधून वायर काढा आणि टोक बघा. हिरवट किंवा काळपट असेल तर इन्सुलेशन बोटभर सोला. आत लखलखीत तांबं दिसलं तर टोक कापून नवं करा, काम झालं. आतही हिरवं दिसलं तर अजून सोला. बारीक तारांच्या फटींतून ओल आत शोषली जाते, म्हणून गंज टोकावर थांबत नाही, इन्सुलेशनखालून पुढे सरकतो. वीतभर आतसुद्धा हिरवं असेल तर ती वायर फेकून द्या. अशा तारेवर डाखही (सोल्डर) बसत नाही. पारदर्शक आवरणाच्या वायरीत हा हिरवेपणा बाहेरूनच दिसतो, एवढाच तिचा उपयोग.

कधी सोलल्यावर तार वरून तांबडी आणि नखाने किंवा ब्लेडने खरवडली की पांढरी निघते. हे ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. बाजारात "स्पीकर वायर" म्हणून मिळणारी स्वस्त लाल-काळी वायर पुष्कळदा हीच असते. सारख्या जाडीच्या तांब्यापेक्षा ती वीज साधारण दोन-तृतीयांशाच्या आत-बाहेर वाहते, पण आपल्याकडे तिचा मुख्य दोष तो नाही. कापलेल्या टोकाशी ॲल्युमिनियम उघडं पडतं, शेजारी तांबं, टर्मिनल पितळेचं, आणि वर खारट ओल. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याच्यावर वीज न वाहणारा पांढरा थर बसतो. कोरड्या सोलापुरात हीच वायर वर्षानुवर्षं चालेल, मालवणात नाही. दुकानात ओळखायची तर हातात घेऊन वजन बघा, शुद्ध तांब्याचं वेटोळं चांगलंच जड लागतं. मग एक तार खरवडा. कथील चढवलेलं तांबं वरून पांढरं आणि आतून तांबडं असतं. ते उत्तम, मिळालं तर तेच घ्या. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

जाडीबद्दल दोन टोकाचे सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो कुठलीही चालते, दुसरा मनगटाएवढी केबल विकतो. हिशेब सोपा आहे. वायर जाते आणि परत येते, म्हणून दहा मीटर अंतराला वीस मीटर तांबं धरायचं. एवढ्या लांबीला अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध पाऊण ओहमच्या वर जातो, एकच्या वायरीचा ०.४ च्या जवळ, दीडच्या वायरीचा ०.२७ आणि अडीचच्या वायरीचा ०.१६. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत वायर ठेवावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरसाठी एकची वायर कशीबशी चालते, दीडची निर्धास्त. ४ ओहमला अडीचची घ्या. जुन्या दुकानांत अजून "तेवीस-शहात्तर", "चाळीस-शहात्तर" अशी भाषा चालते. पहिला आकडा तारांचा, दुसरा तारेच्या जाडीचा, ०.००७६ इंच. त्या हिशेबाने चाळीस-शहात्तर म्हणजे साधारण १.२ चौरस मिलिमीटर. ओटीपासून माजघरापर्यंतच्या अंतराला ती पुरते.

माझं स्वतःचं मत हाय-फायवाल्यांना आवडणार नाही. गावच्या घरात आयएसआय खुणेची, घरगुती वायरिंगसाठी विकली जाते ती दीडची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर वापरावी, लाल आणि काळी अशी दोन. कुडाळ, कणकवली कुठेही मिळते, तांबं खरं असतं, आवरण जाड असतं. फक्त एक धोका आहे आणि तो लहान नाही. ती विजेच्या वायरीसारखीच दिसते. म्हणून तिला स्वतंत्र पाइप द्या, दोन्ही टोकांना "स्पीकर" असं लिहिलेली चिकटपट्टी लावा, आणि तिच्या टोकाला दोन पिनांचा साधा प्लग कधीही बसवू नका. मांडववाले तसे प्लग सर्रास लावतात. गणपतीच्या गडबडीत कोणीतरी तो भिंतीतल्या २३० व्होल्टमध्ये खोचतो.

जोड शक्यतो ठेवूच नका. अँपपासून खोक्यापर्यंत एकसंध वायर. भिंतीत पुरलेला, पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड म्हणजे पुढच्या भाद्रपदाची तयारी, कारण टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि पावसाळ्यात त्या पोकळीत पाणी शिरतं. जोड द्यावाच लागला तर डाख द्या आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा. उलट स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख देऊ नका. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि वर्षभरात स्क्रू आपोआप सैल होतो. तिथे लग किंवा थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून बसवा. दाबाच्या स्प्रिंगचे लाल-काळे टर्मिनल असतील तर ती स्प्रिंग गंजते आणि पकड जाते. स्क्रूचे पितळी टर्मिनल बसवून घेणं हा या सगळ्यातला सर्वात फायद्याचा खर्च आहे. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, हवा आणि मीठ आत जात नाही.

मोठ्याने लावलं की परत येतो, तो आवाज

हे लक्षण वेगळं ओळखा. हळू आवाजात एक बाजू दबकी, खरखरती, मोठा केला की पूर्ण येते आणि मग हळू केला तरी थोडा वेळ टिकते. वायरी तपासून झाल्या असतील तर हा अँपमधला रिले, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणारा स्विच. अँप सुरू केल्यावर काही सेकंदांनी "टक" असा आवाज येतो तो त्याचाच. त्याच्या संपर्कबिंदूंवर थर बसतो, मोठा प्रवाह गेला की तो क्षणभर फुटतो. रिले बदलणं हे स्वस्त काम आहे, पण अँप उघडणारा माणूस जाणकार हवा, कारण आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले असतात. स्पीकर ए-बी निवडायचं बटण असेल तर आधी ते वीसेक वेळा दाबून पाहा, पुष्कळदा तिथेच निकाल लागतो. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर ही आणखी निराळी, त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे तिथे मारू नका.

खोका स्वतःच दोषी असेल तर

जाळी काढा आणि वूफरच्या कडेची रिंग बघा. फोमची असेल आणि बोट लावल्यावर भुगा पडत असेल तर फडफडीचं कारण सापडलं. पॉलियुरेथिन फोम उष्ण, दमट हवेत रासायनिकरीत्याच मोडत जातो, वाजवा किंवा न वाजवता झाकून ठेवा. दहा-पंधरा वर्षं हे त्याचं एरवीचं आयुष्य, किनाऱ्यावर तेवढंही मिळेलच असं नाही. यासाठी स्पीकर टाकू नका. वडिलांनी घेतलेले सोनोडाइन किंवा कॉस्मिकचे खोके असतील तर मुळीच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात हे काम करणारे आणि सुटे भाग विकणारे मिळतात. माप नेताना कोनचा (पुढच्या हलणाऱ्या पडद्याचा) व्यास आणि पत्र्याच्या चौकटीचा व्यास दोन्ही लिहून न्या, आणि रबराचीच रिंग मागा. रबर थोडं जड असल्याने वागणूक किंचित बदलते, पण आपल्याला टिकण्याशी मतलब आहे.

मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो सावकाश आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. गंज, चिखल, किंवा सरकलेला कोन. चिखल म्हणतोय ते खरंच. मागच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, झुरळं अंडी घालतात, पाली राहतात. उंदरांनी आतल्या वायरी कुरतडलेल्याही सापडतात.

ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) गेला असेल तर ओलीपेक्षा आरतीकडे संशयाने बघा. लहान अँप, त्याला माइक जोडलेला, टाळ आणि झांजा, आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवलेला. अशा वेळी अँप लाटेचे माथे छाटतं, छाटलेल्या लाटेतला जास्तीचा कर्कश भाग थेट ट्वीटरकडे जातो, आणि माइक शिटी वाजवायला लागला की नाजूक कॉइल जळते. आरतीच्या माइकसाठी वेगळा पीए (सभा-मांडवात वापरतात तसा) अँप आणि त्याचे वेगळे स्पीकर ठेवा.

नवीन घ्यायचेच असतील तर

पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या दमाचा, आकडा वाचूच नका. खोक्यावर दोन हजार वॉट लिहिलेल्या सिस्टिमचा सलग देता येणारा दम वीस-तीस वॉट असू शकतो. आरएमएस किंवा सलग वॉट, ओहम आणि संवेदनशीलता (एका वॉटमध्ये किती आवाज निघतो ते) एवढं बघा. संवेदनशीलता ८६ डेसिबलऐवजी ८९ असेल तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळतो, आणि अँप न दमता चालतं.

पण गावच्या घरासाठी मी आधी बघेन ते रबराची रिंग आणि पॉलिप्रॉपिलिनचा कोन. कागदाचा कोन आवाजाला गोड असतो, मात्र ओल शोषतो, कडेला सुटतो, आणि त्याच्यावर बुरशीही चढते. खोका एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) असेल तर खालची कड फुगणार हे धरून चाला, म्हणून तो फरशीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर उचलून आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. स्थानिक सुताराकडून खोके करून घेत असाल तर आयएस ७१० खुणेचा मरीन प्लाय सांगा आणि आतूनही पॉलिश किंवा रंग मारायला लावा. सुतार हमखास फक्त बाहेरून मारतो.

ब्लूटूथवाले, आतच अँप असलेले स्पीकर सोयीचे खरे. शहरातल्या रोज वापरातल्या घरात बेलाशक घ्या. चार महिने बंद राहणाऱ्या घरात मात्र इलेक्ट्रॉनिक बोर्ड खोक्याच्या आत, तीच दमट हवा धरून बसतो, आणि गेला की तोच बोर्ड पुन्हा मिळण्याची खात्री नाही. साधे पॅसिव्ह (आत अँप नसलेले) खोके आणि वेगळं अँप घेतलं तर निदान अँप पिशवीत घालून मुंबईला नेता येतं. अनेक जण नेतातही.

अंगणातही आवाज हवा म्हणून चार खोके एकाच अँपला समांतर लावणं हा आणखी एक नेहमीचा घोळ. ८ ओहमचे दोन खोके मिळून ४ ओहम होतात, चार मिळून २. घरगुती अँप त्याला तापतं आणि बंद पडतं. लांबच्या अंतराला १०० व्होल्ट लाइनचे, आत ट्रान्सफॉर्मर असलेले पीए स्पीकर मिळतात. ते घरगुती अँपच्या टर्मिनलला लावायचे नाहीत, आणि घरचे स्पीकर त्या लाइनवर लावायचे नाहीत.

गुणगुण येत असेल तर ती सहसा वायरीच्या दर्जाची नसते. डिश किंवा केबलची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा फेरा तिथे पूर्ण होतो आहे. सगळं एकाच बोर्डावरून घ्या, आणि तरी राहिली तर त्या केबलला आयसोलेटर (हा फेरा तोडणारा जोड) लावा. प्लगची तिसरी पिन तोडणं हा उपाय नव्हे, ओल्या घरात तर जिवाशी खेळ आहे.

घर बंद करताना

प्लग काढा, डिशची वायरही काढा. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा तिथूनच शिरतात. खोक्यांच्या भोकांत स्वच्छ कापडाचा घट्ट बोळा कोंबा आणि तो काढायची आठवण म्हणून समोरच्या जाळीवर चिकटपट्टी लावा. अँप मुंबईला नेणार नसाल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसह ठेवा. दोन-चार बारीक पुड्यांनी चार महिने काही होत नाही. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून भिंतीशी ठेवणं सर्वात वाईट, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. गावात कोणी किल्ली सांभाळत असेल तर अँप डब्यात न घालता जागेवर राहू द्या, आणि पंधरवड्यातून एकदा घर उघडून ते अर्धा-पाऊण तास वाजवायला सांगा. आतल्या उबेने ओल उडते, आणि रिलेही हलता राहतो. काम झालं की प्लग पुन्हा काढायला मात्र विसरू नका म्हणावं.

निघण्याआधी दोन्ही बाजूंचं मीटरवरचं वाचन अँपच्या तळाशी कागद चिकटवून लिहा: डावा, उजवा, तारीख. गणपतीला आल्यावर सुरू करण्याआधी परत मोजा. ६.८ चे ६.९ झाले असतील तर प्लग लावा. ६.८ चे साडेआठ झाले असतील तर त्या बाजूचे दोन्ही स्क्रू उघडून टोकं आधी नवी करा.